गोचिड्यांची चोरी

आयुष्यात मी एकच चोरी केली, तीही म्हशीच्या अंगावरच्या गोचिड्यांची. हसा खुशाल. मीही आता हसते. पण त्या दिवशी मी हसत नव्हते. गोठ्यात म्हशीच्या पोटाशी उकिडवी बसून, पदर कमरेला खोचून, एकेक गोचीड उपटून राखेच्या मडक्यात टाकत होते, आणि अशा घाईनं, की जणू कोणाच्या गळ्यातले सोन्याचे मणी ओरबाडते आहे. माझ्या लहान जावेच्या हाताला एकही गोचीड लागू नये, एवढीच माझी इच्छा होती. तिची सगळी अक्कल त्या गोचिड्यांतून येते, अशी माझी पक्की खात्री झाली होती.

एवढी शहाणी बाई अशा खात्रीला कशी पोचली, ते सांगते.

मूल तालुक्याच्या बाजूचं आमचं गाव. तेव्हा जिल्ह्याला चांदा म्हणत. गावाच्या डोक्यावर तलाव, तलावाच्या पाळीखाली उतरत गेलेल्या बांध्या, म्हणजे धानाची खाचरं, आणि बांध्या संपल्या की जंगल. मी घरची मोठी सून. मी आले तेव्हा दुसरी सून नव्हती, म्हणून सुनांमध्ये मीच पहिली आणि मीच शेवटची. बरं चाललं होतं. मग दिराचं लग्न झालं आणि नागभीडकडची एक पोरगी घरात आली. दात जरा पुढे, चालताना पाय फेंगडे. मी तिला दारात ओवाळलं आणि मनात म्हटलं, चला, काळजी नाही. रूपात मी उजवी होते. हातच्या चवीतही उजवी होते, आणि हे मी आजही सोडायला तयार नाही.

पहिला झटका पहिल्याच पावसाळ्यात बसला. चुलीच्या नेमकं वर छपराचं कवेलू फुटलं आणि पाणी चुलीत. भर पावसात छपरावर कोण चढणार? मी भांडं ठेवलं, ते भरलं. दुसरं ठेवलं, तेही भरलं. मी भांडी उपसते आहे, सासू मला ओरडते आहे, आणि चूल फुसफुसते आहे. लहान जाऊ, आमची लहानी, उठली. "मी जरा म्हशीकडून येतो," म्हणाली. आमच्याकडे बायाही येतो-जातोच म्हणतात. मला वाटलं, पळाली कामातून. थोड्या वेळानं परत आली, शेणानं सारवलेलं एक जुनं सूप तिनं गळतीखाली दोऱ्यांनी तिरकं टांगलं, आणि पाणी सुपावरून घरंगळत मुकाट्यानं अंगणात जायला लागलं. झालं! चूल पेटली. सासू त्या सुपाकडे पाहत राहिली, आणि मी सासूकडे.

मग एकदा नवऱ्याकडचे पाहुणे अचानक आले. घरात मासोळ्या मोजक्याच आणि खाणारी तोंडं भरपूर. कोणाच्या ताटात तुकडा घालायचा आणि कोणाचा रुसवा काढायचा, ह्या विचारानं मी घामाघूम. लहानी पुन्हा म्हशीकडे जाऊन आली. येऊन तिनं मासोळ्या उकडल्या, काटे काढले, तांदळाच्या पिठात कालवून वडे थापले. कोणाच्या वाट्याला किती मासोळी गेली हे देवालाही कळलं नसेल. पाहुणे बोटं चाटत उठले. आमच्या घरधन्यांनी, म्हणजे माझ्याच नवऱ्यानं, मला विचारलं, "हे वडे तुले काऊन नाई येत?" मी त्या दिवशी जेवले नाही. कोणाच्या लक्षातही आलं नाही, हे वेगळं.

असं होता होता घराला एक सवय लागली. काही अडलं, की सासूची मान वळायची. शब्द नाही, काही नाही. नुसती मान लहानीकडे. चाक फसलं, मान वळली. वासराला खोकला झाला, मान वळली. मी तिथंच शेजारी उभी असायची, माझ्यावरून ती मान अशी निघून जायची, जशी रिकाम्या खुंटीवरून नजर जाते. मला ना दागिना हवा होता ना नवं लुगडं. त्या म्हातारीची मान एकदा, फक्त एकदा, माझ्या बाजूनं वळावी, एवढं हवं होतं. त्यासाठी मी काय वाटेल ते केलं असतं, आणि केलंच.

पहिले मी विचार करायला शिकायचं ठरवलं. डोळे मिटून, कपाळाला आठ्या घालून मी परसात बसत असे आणि मनाला म्हणत असे, सुचव. मन काही सुचवेना. कोंबडीला खुराड्यात घालायला तुम्ही मागे धावता ना, ती सगळीकडे जाते, खुराड्याचं दार तेवढं सोडते. तसंच. जो जो मी हाकलायची, तो तो माझं मन माहेरच्या बोरीखाली, जत्रेतल्या बांगड्यांपाशी, आणि सगळ्यात जास्त लहानीच्या पुढे आलेल्या दातांपाशी जाऊन उभं राहायचं. सासूनं एकदा मला तसं बसलेलं पाहिलं आणि विचारलं, "पोट दुखून राह्यलं का?"

मग मी पाळत ठेवायची ठरवली. ती म्हशीकडे जाते म्हणजे तिथं काहीतरी आहे. गोठ्याच्या कुडाला एक फट होती, तिथं मी डोळा लावला. लहानी म्हशीच्या अंगाला अंग लावून बसली होती आणि गोचिड्या काढत होती. कानामागून, मानेखालून, शेपटीच्या बुडातून. एक काढायची, राखेच्या मडक्यात टाकायची, पुढची शोधायची. तोंडानं म्हशीशी काहीबाही पुटपुटत होती. बस्स. एवढंच. मग मध्येच तिचा हात थांबला, ती उठली, हात पुसले आणि घरात जाऊन सासूला म्हणाली, "आत्याबाई, असं केलं तं?"

आणि ते लागू पडलं!

आता कोणीही म्हणेल, बाई, म्हशीपाशी डोकं शांत होत असेल. पण त्या काळच्या माझ्या डोक्याची गोष्टच और. मी विचार केला की माणसाचं रक्त पिणारा प्राणी माणसाची अक्कल पितो, तर म्हशीचं रक्त पिणारा काय पीत असेल? आणि तो हातानं उपटला तर ती अक्कल कुठं जात असेल? दुसऱ्याच दिवशी मी स्वतः गोचिड्या काढायला बसले. म्हशीनं मला ओळखलं नाही, किंवा फारच चांगलं ओळखलं. शेणानं भिजलेली शेपटी अशी काही फिरली, की कान ते हनुवटी एक पट्टा उठला. काही सुचलं मात्र नाही. मी सगळा वेळ लहानीचाच विचार करत होते, तर दुसरं काय सुचणार? पण हे मला आज कळतं. तेव्हा मी एवढंच ठरवलं, की ह्या गोचिड्या मला फळत नाहीत, तर तिलाही फळू द्यायच्या नाहीत. संधी मिळायची होती फक्त.

ती संधी रोवण्यात, भाताच्या लावणीत, मिळाली.

पाऊस आठवडाभर दडला होता. पऱ्हे, भाताची कोवळी रोपं, तयार, खालच्या बांध्यांत आमचा रोवणा नुकता झालेला, वरच्या बांध्या तलावाच्या पाण्याची वाट पाहत होत्या. आमच्या तलावाला तुडूम आहे. तुडूम म्हणजे पाळीच्या आतल्या अंगाला बांधलेली दगडी मोरी. तिच्या भोकाला लाकडाचा डाट असतो, तो काढला की पाणी पाटात उतरतं. जुन्या जमीनदारांची मालगुजारी गेल्यापासून तलाव नेमका कोणाचा हे कोणालाच कळेना, आणि ज्याचा तो नाही त्याच्या डाटाकडे कोण पाहणार? तो कुजला होता. एका सकाळी तो निघून गेला आणि तलाव मोकळाच वाहायला लागला.

गाव पाळीवर धावलं. पाणी एवढ्या जोरानं पाटात पडत होतं की पाट फुटून ते थेट आमच्या बांधीत शिरलं, आणि परवाच रोवलेली रोपं उपटून तरंगायला लागली. आणि वर तलाव रिकामा होत चाललेला. तो गेला असता तर गावाचा वर्षाचा भात गेला असता. लहानी लुगडं खोचून बांधीत उतरली आणि इतर बायांबरोबर वाहत्या रोपांना अडवायला लागली.

पाळीवर पुरुषांचा गलका चालला होता. मासेमारी करणाऱ्या धिवरांतल्या एकानं लाकडी होडी, आपला डोंगा, काढला, पाण्यात बुडी मारली आणि तसाच वर आला. "पानी पाय ओढून राह्यलं, भाऊ," तो माझ्या सासऱ्याला म्हणाला. "उद्या मलेच पाटातून काढा लागन." मग मातीनं भरलेली पोती टाकली. पाणी गढूळ, भोक दिसेना. पोती इकडेतिकडे बसली आणि भोक मोकळंच राहिलं. मग कोणीतरी तणसाचा, भाताच्या पेंढ्याचा, भारा सोडला. त्याला मात्र भोक बरोबर सापडलं. भारा आत ओढला गेला आणि दुसऱ्या बाजूनं विंचरून बाहेर आला. पोरं टाळ्या वाजवायला लागली, तर एका म्हाताऱ्यानं त्यांच्या अंगावर ढेकूळ फेकलं.

सासूनं मान वळवली. मी तिच्या खांद्याला खांदा लावून उभी होते. मान माझ्यावरून गेली, खाली बांधीकडे.

"लहानी कुठी हाये?"

"चिखलात हाये," मी म्हटलं.

"बलाव तिले. नाई, थांब. तू घरी जा, पोते आन, रिकामे हायेत तेवढे सारे. तिले मी बलावतो."

मी घराकडे धावले. आणि धावता धावता माझ्या लक्षात आलं, की आता लहानी येणार, म्हणणार "म्हशीकडून येतो", गोठ्यात जाणार, आणि अख्ख्या गावाचा तलाव वाचवून बाहेर येणार. गावभर! आजवर घरात मान वळत होती, उद्यापासून गावाच्या माना वळणार. पोती राहिली बाजूला. मी सरळ गोठ्यात शिरले.

तलाव वाहतो आहे, रोपं बुडताहेत, आणि ही बया म्हशीच्या गोचिड्या चोरते आहे. माझ्या नातवंडांना मी सांगते, पुढे कधी कोणी तुम्हांला मूर्ख म्हटलं तर वाईट वाटून घेऊ नका, तुमच्या घरात त्याचा मोठा वारसा आहे.

मानेखालच्या संपवल्या, पोटाच्या संपवल्या. म्हशीनं दोनदा शेपटी मारली, मी पर्वा केली नाही. शेवटी कानामागे एक राहिली, बोराएवढी फुगलेली. ती सुटेना. ओढली तर म्हशीची कातडी वर येई, गोचीड काही येईना. मी वाकून पाहिलं. तोंड दाभणासारखं बारीक, ते आत रुतलेलं. आणि मागचं धूड बाहेर, भोकाच्या तोंडावर गच्च बसलेलं. मी ओढत होते आणि ती हलत नव्हती.

माझा हात थांबला.

खरं सांगते, मी काही विचार करत नव्हते. विचार करायला फुरसत कोणाला होती? मी चोरी करत होते. पण डोळ्यांपुढे ते तुडूम आलं, आणि तणसाला भोक सापडतं पण ते टिकत नाही, पोतं टिकतं पण त्याला भोक सापडत नाही, ह्या दोन गोष्टी आपण होऊन एकमेकींच्या जवळ सरकल्या आणि चिकटल्या. कोंबडी आपल्या पायांनी खुराड्यात शिरली. मी दार लावायलाही विसरले, तशीच उठले. पोती बगलेत मारली आणि पाळीकडे पळाले. आनंद? आनंद कसला. पळताना मनात एकच होतं, की लहानी पोचायच्या आत पोचायचं.

सासू पाळीच्या टोकाला होती. पाण्याच्या आवाजात तिच्या हाका बांधीपर्यंत पोचल्या नव्हत्या, लहानी अजून चिखलातून निघायचीच होती.

"पोते आनाले गेली तं निजली का तिकडं?"

"आत्याबाई," मला धाप लागली होती, "लहानीले सांगू नोका. पयले ऐका. लहानीले नोका सांगू. पोत्यात चिकन माती भरा, अन् त्याले तनसाची लांब शेपटी बांधा, दंडाएवढी जाड. पिळून. डोंग्यातून तुडमाच्या वरच्या अंगानं सोडा. शेपटी आपली आपन आत जाते, मांगून पोतं येते अन् तोंडावर बसते."

सासूनं माझ्याकडे पाहिलं. म्हणजे मान वळली म्हणा, पण ती काही मला हवी होती तशी नव्हती. मग ती तरातरा सासऱ्याकडे गेली. सुना तेव्हा सासऱ्याशी बोलत नसत; जे काही सांगायचं ते सासूच्या तोंडून. तिनं शब्दनशब्द बरोबर सांगितला. फक्त सुरुवात तिनं आपल्या मनची केली.

"लहानी म्हनते," ती म्हणाली, "का पोत्याले शेपटी बांधा."

माझ्या पायाखालची पाळ सरकली. तोंड उघडलं, पण समोर सासरा, दीर, गावातली मोठी माणसं. पदर तोंडात कोंबून मी उभी राहिले.

शेपटी पिळली गेली, पोतं भरलं गेलं. धिवरानं डोंगा वर नेला आणि सोडलं. शेपटी पाण्यात सापासारखी सरकली, वळली आणि भोकाकडे निघाली, कोणी दाखवायची गरज नव्हती. पोतं तिच्यामागे ओढलं गेलं, आणि पाणी गपकन घोटल्यासारखं थांबलं. पाटाचा आवाज एकदम बंद झाला. मग पाळीवर एकच ओरडा उठला. त्या गलक्यातच जास्तीची दोन पोती वर टाकून बसवली आणि तलाव वाचला.

सासरा, जो कधी सुनेचं नाव काढायचा नाही, तो मोठ्यानं म्हणाला, "आमची लहानी हाये म्हून!"

लहानी तेवढ्यात चिखलानं माखलेली वर आली. लोक तिला वाट देत होते. आमचे घरधनीसुद्धा. त्यांनी तर माझ्याकडे पाहून मान डोलावली, जशी काही ती मासोळीच्या वड्यांची पुढची पायरी असावी.

"मी कुठी काई सांगतलं?" लहानी म्हणाली. "मी तं चिखलात होतो."

"पाहा," सासू शेजारणीला म्हणाली, "केलेलं सांगतबी नाई. अशी पाह्यजे."

म्हणजे एक माझी युक्ती गेली, वर तिला नम्रपणाचंही बक्षीस मिळालं. खरं बोलल्याचं बक्षीस कोणाला मिळतं का कधी? तिला मिळालं. मी घरी आले आणि भाकरी अशा थापल्या, की त्या रात्री कोणालाही चावता आल्या नसतील.

संध्याकाळी लहानी गोठ्यातून बाहेर आली, हातात राखेचं मडकं. चेहऱ्यावर असं, की जणू कोणीतरी तिची म्हैसच बदलली.

"बाई, कानामांगली एक सोडून म्हशीले एकबी गोचीड नाई."

"मले काय मालूम? झडल्या असतीन."

"सगळ्या? एकाच दिवशी? अन् मडक्यात?"

"आता मी काय त्याहिच्या मांगं फिरतो?"

ती माझ्याकडे पाहत राहिली. मग तिची नजर माझ्या गालावर थांबली. म्हशीच्या शेपटीचा शेणाचा पट्टा मी सबंध दिवस गालावर मिरवत होते. गावातून, पाळीवरून, सगळ्यांसमोर. कोणी सांगितलं नाही. सांगणार कोण, माझ्याकडे कोणी नीट पाहिलं तर ना.

लहानी हसली नाही, हे तिचं मी आजवर मानते. पदराचं टोक ओलं करून तिनं गाल पुसला आणि हळूच विचारलं, "ते शेपटीचं तुमालेच सुचलं, नाई का, बाई?"

मी तिच्या हातातलं मडकं घेऊन कोपऱ्यात ठेवलं.

"कसं सुचलं?"

तिच्या डोळ्यांत मला तेव्हा काहीतरी दिसलं, जे मी आरशात कितीदा पाहिलं होतं. तिला हेवा वाटत होता! माझा! सगळ्या दिवसातलं पहिलं गोड तेच. म्हणून मी सांगितलं नाही. तिनं पुढे कितीदा विचारलं, मी कितीदा टाळलं. ती आता नाही. तिच्या जाण्याआधीही मी सांगितलं नव्हतं, ह्याची मला लाज वाटायला हवी, पण जरा गंमतच वाटते.

"मंग मी आत्याबाईले सांगतो, का तुमचं हाये म्हून," ती म्हणाली.

"राहू दे," मी म्हटलं. सांग, आत्ताच्या आत्ता सांग, चुलीपाशी सांग, सगळ्यांसमोर सांग, असं माझं काळीज ओरडत होतं. तोंडानं मात्र "राहू दे."

तिनं सांगितलंच.

दुसऱ्या दिवशी सासू ओसरीवर तांदूळ निवडत बसली होती. मला बोलावलं. मी पदर सारखा केला, चेहरा साधासुधा केला, आणि कौतुक ऐकायला कसं बसावं तशी बसले.

"ते पोत्याचं तुनं सांगतलं होतं?"

"हो, आत्याबाई."

"तुह्यं सोताचं?"

"हो."

"अन् मी लहानीचं नाव घेतलं तवा तुले राग आला?"

मी खाली पाहिलं. सुपातला एक खडा उचलून बाहेर टाकला. मग म्हटलं, "मीच तं तुमाले सांगाले आलो होतो. मंग तुमाले तिचं कसं वाटलं?"

सासूनं सूप खाली ठेवलं आणि म्हणाली,

"तू पळत आली अन् तोंडातून पयले काय काढलं? ‘लहानीले सांगू नोका.’ एकडाव नाई, दोनडाव. आपलं सांगाले आलेलं मानूस दुसऱ्याचं नाव काऊन घेईन? मले वाटलं, बांधीवरून येता येता तिचंच आयकून तिच्याआंधी धावत आली. पुढच्या टायमाले काई सुचलं ना, मोठे, तं पयले ते सांगजो. लहानीचं काय करायचं, ते मंग पाहू."